न पाठवलेले मेसेज आणि आमची शेवटच्या वर्षाची मुलं

आमच्या शेवटच्या वर्षाच्या मुलांच्या लिंक्डइनवर मेसेजची यादी उघडून बघितली, तर पाठवलेल्यांपेक्षा न पाठवलेले मेसेज जास्त सापडतात. नावाखाली 'ड्राफ्ट' असं लिहिलेलं असतं आणि पुढे पहिले काही शब्द दिसतात, 'रिस्पेक्टेड सर, आय ॲम...' एकाखाली एक नावं वेगळी, शब्द तेच. का पाठवला नाहीस म्हणून विचारलं की उत्तरही ठरलेलं असतं. "टाइप केलंय की मॅडम. पाठवायचं राहिलंय."

मी कोल्हापुरातल्या एका पॉलिटेक्निकमध्ये मेकॅनिकल शिकवते आणि प्लेसमेंटचं कामही माझ्याकडे आहे. वर्गातली मुलं राधानगरी, कागल, भुदरगड, पन्हाळा अशा तालुक्यांतून येतात. घरी म्हशी आहेत, उसाचं थोडं रान आहे, कुणाचे वडील उद्यमनगरात लेथवर आहेत. लिंक्डइन सुरू झालं ५ मे २००३ला, म्हणजे यातल्या बहुतेकांच्या जन्माआधी. पण घरातलं कुणी त्यावर आहे, असं मूल क्वचित भेटतं. त्यामुळे तिथे कुणाशी कसं बोलायचं, हे त्यांना कुणी दाखवलेलंच नसतं. कॉलेजनं खातं उघडायला सांगितलं, त्यांनी उघडलं. फोटो लावला. आमच्या माजी विद्यार्थ्यांची नावं शोधली. मेसेज लिहिला. आणि गाडी तिथेच थांबली.

हे आळसापोटी होत नाही, एवढं मी खात्रीनं सांगते. हीच मुलं वर्कशॉपमध्ये तासन्‌तास उभी राहतात, जॉब बिघडला तर परत करतात. मेसेज अडतो तो दोन भीतींमुळे. एक इंग्रजीची. दुसरी, 'एवढा मोठा माणूस, मी कोण?' ही. पहिली भीती सगळ्यांना दिसते, म्हणून सगळे इंग्रजीचे क्लास लावा म्हणतात. दुसरीबद्दल फारसं कुणी बोलत नाही. मला तीच जास्त महत्त्वाची वाटते, आणि तिच्यावर इलाज त्या अर्धवट ड्राफ्टमध्येच करता येतो.

मागच्या बॅचचा एक मुलगा सांगते. राधानगरीकडचा, अबोल, पण हात फार चांगला. त्याचा प्रोजेक्ट होता कास्टिंगमधल्या ब्लोहोलवर. ओतीव कामात आत वायू अडकून राहिला की पोकळी पडते, ते ब्लोहोल. आमच्या भागात हा विषय घरचाच आहे. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलची पंचतारांकित एमआयडीसी, जाल तिथे फाउंड्री, म्हणजे ओतकामाचा कारखाना. कागलच्या एका फाउंड्रीत आमचाच एक माजी विद्यार्थी क्वालिटीला आहे. त्याला लिहिलेला मेसेज या मुलाच्या फोनमध्ये कित्येक दिवस पडून होता. मी वाचला. आपण हायली मोटिव्हेटेड आहोत, हार्डवर्किंग आहोत, कृपया आपल्या नामांकित कंपनीत संधी द्यावी. सही, मोबाइल नंबर, खाली परत 'प्लीज सर'.

मी विचारलं, "तुला त्यांना नक्की काय विचारायचंय?"

"नोकरीच की मॅडम."

"नोकरी काय त्यांच्या खिशात आहे? क्वालिटीतला माणूस आहे तो. त्याच्याकडे काय असेल?"

बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "पावसाळ्यात त्यांच्याकडं ब्लोहोल वाढत असतील काय ओ?"

मला इतकं बरं वाटलं! हा प्रश्न पुस्तकातला नव्हता. ग्रीन सँडमध्ये, म्हणजे साच्यासाठीच्या ओलसर वाळूत, ओलावा साधारण ३ ते ४ टक्के ठेवतात. तो वाढला की वितळलेला धातू ओतताना वाफ जास्त होते आणि तिला बाहेर पडायला वाट मिळाली नाही की ती कास्टिंगमध्ये अडकते. हे आम्ही शिकवतो. पण राधानगरीच्या पावसात वाढलेल्या पोरालाच सुचावं, की बाहेर महिना महिना ऊन नसताना ही माणसं वाळू कशी सांभाळत असतील. मी त्याला म्हटलं, हेच लिही. आणि आधी मराठीत लिही, इंग्रजीचं नंतर बघू.

त्यानं लिहिलं ते असं: 'नमस्कार सर, मी कोल्हापुरात मेकॅनिकल डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. ब्लोहोलवर प्रोजेक्ट करतोय. पावसाळ्यात सँडचा ओलावा कसा सांभाळता, हे विचारायचं होतं.'

बस्स. नामांकित गेलं, मोटिव्हेटेड गेलं, 'प्लीज' गेलं. वाचणाऱ्याला कळतं की हा कोण, काय करतोय आणि आपण याला दोन मिनिटांत काय सांगू शकतो. समोरचा मराठी, आपल्याच कॉलेजचा, म्हणून मी तो मराठीतच पाठवायला लावला. दोन दिवसांनी उत्तर आलं, तेही मराठीत. रिटर्न सँड, म्हणजे एकदा वापरून परत आलेली वाळू, गरम असताना ओलाव्याचं गणित फसतं, वाळू बांधून ठेवणाऱ्या बेंटोनाइट मातीची पोती ओल लागणार नाही अशी उंचावर ठेवतात, पावसाळ्यात मिक्सरजवळून सॅम्पल नेहमीपेक्षा जास्त वेळा काढतात, असं बरंच काही. आणि शेवटी त्यांचा उलटा प्रश्न: 'कोअर बघितलेत का? रात्रभर तसेच राहिले की ओल धरतात. सगळा दोष सँडवर टाकू नका.' कोअर म्हणजे कास्टिंग आतून पोकळ राहावं म्हणून साच्यात बसवतात तो वाळूचा गाभा. त्या एका प्रश्नानं मुलाच्या प्रोजेक्टचा अर्धा भाग बदलला. पुढे त्यांनी प्लांट बघायला बोलावलं. नोकरी तिथे मिळाली नाही. अप्रेंटिसशिप दुसरीकडे मिळाली. पण मुलाखतीत त्याला कोअरवर विचारलं, आणि अबोल पोरगा दहा मिनिटं बोलला.

तेव्हापासून माझा आग्रह आहे की मेसेज आधी मराठीत लिहायचा. इंग्रजीत सुरुवात केली की मुलं पाठ असलेली वाक्यं लिहितात, आणि पाठ वाक्यात स्वतःचा प्रश्न बसत नाही. मराठीत लिहिलं की आपल्याला खरोखर काय हवंय, ते कागदावर येतं. मग पुणे, बेंगळुरू, चेन्नईच्या माणसाला पाठवायचं असेल तर त्याच वाक्यांचं इंग्रजी करायचं. ते साधंच होतं, आणि साधं इंग्रजी मोठ्या पदावरचा माणूस आनंदानं वाचतो. समोरचा मराठी असेल तर मराठीत पाठवायला लाजू नका. लिंक्डइनवर हिंदी डिसेंबर २०२१ मध्ये आली आणि आता सगळी बटणं मराठीतही करून घेता येतात. तिथे मराठीत बोललं तर गावंढळ दिसेल, ही समजूत मुलांच्या डोक्यातून काढायला मला सगळ्यात जास्त वेळ लागतो.

मराठीत लिहिताना एक व्यवहाराची गोष्ट मात्र माहीत हवी. ओळख नसलेल्या माणसाला फुकटच्या खात्यातून सहसा थेट मेसेज जात नाही. आधी कनेक्शनचं आमंत्रण पाठवायचं, त्याला छोटी चिठ्ठी जोडायची. ही चिठ्ठी फुकटच्या खात्यातून महिन्याला मोजक्याच आमंत्रणांना जोडता येते, आणि तिला २०० अक्षरांची मर्यादा असते. आता ही 'अक्षरं' आपल्या हिशेबानं मोजली जात नाहीत. 'नमस्कार' आपल्याला चार अक्षरी. कॉम्प्युटर सात धरतो. न, म, स, मग स आणि क जोडणारा न दिसणारा हलन्त, क, त्याचा काना, आणि र. प्रत्येक काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार वेगळा. त्या मुलाचा वरचा मेसेज असा मोजला तर दीडशेच्या आसपास भरतो, म्हणजे बसतो. पण 'आपल्या नामांकित कंपनीमध्ये' एवढ्यातच किती जागा जाते, ते मी फळ्यावर मोजून दाखवते. त्यानंतर 'नामांकित' आपोआप गळतं.

आमंत्रणाच्या त्या चिठ्ठीचा ड्राफ्टही राहत नाही. खिडकी बंद केली, फोन आला, रेंज गेली, की लिहिलेलं गेलं. राधानगरीच्या एसटीत बसून लिहिणाऱ्याला रेंजचं काय ते वेगळं सांगायला नको. म्हणून चिठ्ठी तिथे लिहायचीच नाही. फोनच्या नोट्समध्ये लिहा, नाहीतर व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवून ठेवा, आणि तिथून उचलून चिकटवा.

कनेक्शन झाल्यावर जो नेहमीचा मेसेज असतो, त्याचा ड्राफ्ट राहतो. लिहिता लिहिता सोडून गेलात तर यादीत त्या नावाजवळ तो दिसतो. परत उघडून पुढे लिहिता येतं, आणि नको असेल तर चौकटीतला मजकूर पुसला की ड्राफ्ट गेला. तरीही खरी प्रत तिथे ठेवू नका, असंच मी सांगते. एक तर फोनवर लिहिलेलं लॅबमधल्या कॉम्प्युटरवर तसंच सापडेल, असं धरून चालू नये. दुसरं, कॉम्प्युटरवर एंटर दाबला की मेसेज जावा अशी सेटिंग असते. ती बदलून 'सेंड'वर क्लिक केल्यावरच जाईल असं करता येतं, आणि लॅबमध्ये बसलो की हे मी पहिल्यांदा करून घेते. तिसरं कारण मुलांनीच माझ्या लक्षात आणून दिलं. तुम्ही चौकटीत टाइप करत असता, तेव्हा समोरचा त्याच वेळी ऑनलाइन असेल तर त्याला 'टाइप करत आहे' असं दिसू शकतं. एक मुलगी म्हणाली, "मॅडम, मी अर्धा तास खाडाखोड करते, ते त्यांना दिसत असलं तर?" ही खूण आणि मेसेज वाचल्याची खूण सेटिंगमध्ये जाऊन बंद करता येते, मग आपल्यालाही समोरच्याची दिसत नाही. त्यापेक्षा खाडाखोड बाहेर करा, चौकटीत फक्त चिकटवा. आणि पाठवल्यावर चूक दिसली तर घाबरू नका, तासाभराच्या आत मेसेज दुरुस्त करता येतो किंवा काढून टाकता येतो.

मुलींचं थोडं वेगळं लिहायला हवं. त्यांचे ड्राफ्ट मुलांपेक्षा जास्त दिवस पडून असतात, आणि कारण इंग्रजी नसतं. परक्या पुरुषाला आपणहून मेसेज करायचा, तोही स्वतःच्या फोटोसकट. उत्तर भलतंच आलं तर? घरात कुणी फोन बघितला तर? ही भीती खोटी नाही, आणि 'त्यात काय एवढं' म्हणून ती उडवून लावणाऱ्यांचा मला राग येतो. आम्ही काही गोष्टी ठरवल्या आहेत. पहिले मेसेज आपल्या माजी विद्यार्थिनींना जातात. त्यांची यादी मी स्वतः करून देते. मेसेजमध्ये कॉलेजचं आणि प्रोजेक्ट गाइडचं नाव असतं, म्हणजे मागे कुणीतरी उभं आहे हे समोरच्याला कळतं. मोबाइल नंबर पहिल्या मेसेजमध्ये जात नाही, मुलींचा नाही आणि मुलांचाही नाही. आधार कार्ड आणि मार्कशीटचे फोटो तर कुणीच कुणाला पाठवायचे नाहीत. आणि लिहायचं रात्री असलं तरी पाठवायचं सकाळी साडेदहा-अकराला, ऑफिसच्या वेळेत. ड्राफ्टचा खरा उपयोग मला इथे दिसतो. रात्री घरातली कामं उरकून लिहिलेलं सकाळी एसटीत परत वाचलं की एखादं वाक्य आपसूक जातं, आणि दिवसाढवळ्या कामाच्या वेळेत आलेला मेसेज समोरचाही कामाचाच म्हणून वाचतो. भलतं उत्तर आलं तर मला दाखवायचं. मग त्या माणसाचं नाव यादीतून जातं आणि त्याची तक्रारही आम्ही मिळून करतो.

कुणाला काय लिहिलंय, पाठवलंय की नाही, याचा हिशेब प्रोजेक्ट डायरीच्या शेवटच्या पानावर ठेवायला सांगते. डायरी तशीही दर आठवड्याला माझ्याकडे सहीला येते. नाव, आपला एक प्रश्न, पाठवल्याची तारीख, उत्तर. कॉम्प्युटरवर तक्ता करता येतो, पण फोनमधल्या तक्त्याकडे कुणी बघत नाही आणि डायरीचं पान उघडावंच लागतं. पंधरा दिवस उत्तर आलं नाही तर एक आठवण पाठवायची, दोन ओळींची. त्यालाही उत्तर नाही आलं तर त्या नावावर रेघ. तिसरा मेसेज नाही.

ड्राफ्ट जुना झाला असेल तर पाठवण्याआधी त्या माणसाचं प्रोफाइल परत बघायचं. लोक नोकऱ्या बदलतात; सहा महिन्यांपूर्वी चाकणला असलेला माणूस आता होसूरला असतो, आणि ड्राफ्ट त्याला चाकणच्या लाइनबद्दल विचारत असतो. एकीच्या फोनमध्ये फेब्रुवारीत दिवाळीच्या शुभेच्छांचा ड्राफ्ट निघाला होता. असा मेसेज दुरुस्त करत बसण्यापेक्षा पुसून नवा लिहिणं सोपं.

हल्ली एक नवीन अडचण आली आहे. मुलं एआयकडून मेसेज लिहून घेतात, लिंक्डइनही पैसे भरणाऱ्यांना तशी सोय देतं. इंग्रजी निर्दोष येतं, हे खरं. पण आमच्या पुण्यातल्या एका माजी विद्यार्थ्यानं मला फोन केला, "मॅडम, तुमच्या वर्गातल्या तिघांचे मेसेज आले. तिघांचाही एकच. तिघांनाही माझ्या करिअरचा प्रवास प्रेरणादायी वाटतो." त्यानं तिघांनाही उत्तर दिलं नाही, आणि मी त्याला दोष देत नाही. मी एआयला बंदी घातलेली नाही. मराठीत स्वतः लिहिलेल्या तीन ओळींचं इंग्रजी तपासून घ्यायला वापरा, खुशाल वापरा. पण पावसाळ्यात ब्लोहोल वाढतात का, हा प्रश्न राधानगरीच्या मुलालाच सुचला पाहिजे. तो एआयकडे मागून मिळत नाही, कारण काय मागायचं तेच आधी माहीत नसतं.

आता आमच्या माजी विद्यार्थ्यांसाठी, कारण तुमच्यातले बरेच जण हे वाचता. या महिन्यात नव्या बॅचचे मेसेज सुटायला लागतील. त्यातले काही मराठीत असतील, काहींत शुद्धलेखनाच्या चुका असतील, पण प्रत्येकात एक खरा प्रश्न असेल याची काळजी मी घेतली आहे. लांब उत्तर द्यायला वेळ नसेल तर एक ओळ द्या. 'मला माहीत नाही, अमक्याला विचार' एवढं लिहिलंत तरी चालेल. नोकरी नाहीये, हेही स्पष्ट लिहा. मुलं त्यानं खचत नाहीत, डायरीत नोंद करतात आणि पुढच्या नावाकडे जातात. आणि तुमच्या 'अदर' नावाच्या कप्प्यात एकदा डोकावा. अनोळखी मुलांचे मेसेज पुष्कळदा तिथेच जाऊन पडतात, आणि मागच्या वर्षीचेही काही अजून तिथे असतील.